खेकडे जपायचे तर पोकलेन कुठे थांबवायचा?

पाणलोट
२०१९ साली रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण फुटलं तेव्हा खापर खेकड्यांवर फोडलं गेलं. एरवी आपल्याला खेकडा आठवतो तो रश्श्यापुरता. माझं म्हणणं: नाशिक जिल्ह्यात खेकडे टिकवायचे तर त्र्यंबक, इगतपुरी, पेठकडच्या अगदी वरच्या ओहोळांतलं नाला खोलीकरण आधी थांबवा.

समुद्री खेकड्याच्या अळ्या प्रवाहाबरोबर लांबवर पसरतात. गोड्या पाण्यातल्या खेकड्याला ती अवस्थाच नाही. मादी मोठी, मोजकी अंडी पोटाखाली सांभाळते आणि त्यांतून थेट चिमुकले खेकडे निघतात. चालत जातील तेवढाच त्यांचा पसारा, म्हणजे दर खोऱ्याची वस्ती वेगळी आणि एक ओहोळ मेला की भरपाई सहज होत नाही.

खोलीकरणात काठ उभा कापला जातो, मातीतली बिळं जातात, उरलेल्यांवर उपसलेल्या मातीचा ढीग बसतो. त्याहून वाईट म्हणजे तळ खाली गेला की काठात मुरलेलं पाणी नाल्यात निथळतं. एप्रिल-मेमध्ये खेकडा बिळाच्या बुडाशी ओलीत बसून कल्ले ओले ठेवतो. तीच ओल जाते.

द्राक्षपट्टा
सहमत नाही. "दर खोऱ्याची वस्ती वेगळी" हे सरसकट चालणार नाही. आपल्या बांधावर दिसणारा खेकडा, बॅरिटेल्फुसा क्युनिक्युलॅरिस, घाटाच्या दोन्ही बाजूंना आहे. त्र्यंबकच्या डोंगरांत एका अंगाला गोदावरी, दुसऱ्या अंगाला वैतरणा. पण भर पावसात ओली धार ओलांडणं खेकड्याला अशक्य नाही. त्याला अडवतं ते कोरडं रान. इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, निफाडला पाचशेच्या आसपास, आणि मधलं अंतर एसटीने दोन-अडीच तासांचं!

म्हणून मार जास्त बसतो तो खाली, निफाडकडच्या कोरड्या द्राक्षपट्ट्यात. गोडी छाटणीनंतर (फळांसाठीची छाटणी) डावणीसाठी, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीरोगासाठी, बोर्डो हे बुरशीनाशक मारतात. एक टक्क्याच्या मिश्रणात शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना. विरघळलेलं तांबं कवचधारी जिवांना फार थोड्या मात्रेतही बाधतं. सिंथेटिक पायरेथ्रॉइड कीटकनाशकं तर माशांपेक्षाही कोळंबी-खेकड्यांना घातक. ती मातीच्या कणांना चिकटतात आणि गाळाबरोबर ओढ्यात येतात. उपाय खर्चिक नाही: ब्लोअरची (फवारणी यंत्राची) टाकी ओढ्यावर धुवायची नाही, ते धुवण बागेतच फिरवायचं, ओढ्यालगतच्या ओळींना आतल्या बाजूनेच फवारायचं आणि काठाचं गवत तणनाशकाने जाळायचं नाही. नांदूर मध्यमेश्वर रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे; वरून येणारा गाळ शेवटी तिथेच बसतो.

गोदाकाठ
दोघेही खेकड्यावर अडलात. अंड्यातून थेट पिल्लं निघण्याचा नियम सगळ्या कोळंबीला लागू नाही. गोदावरीतल्या मोठ्या कोळंबीच्या, मॅक्रोब्रॅकियम माल्कमसोनीच्या, अळ्यांना मचूळ पाणी लागतं. पिल्लं मग नदीने वर चढतात. वाटेत आंध्रातला धवळेश्वरमचा बंधारा, जायकवाडी आणि इतर कितीतरी. १४६५ किलोमीटरची नदी त्यांच्यासाठी तुकड्यातुकड्यांत संपते. जलाशयात बीज सोडणं ही मत्स्यशेती झाली, कृपया तिला संवर्धन म्हणू नका. सगळं चक्र गोड्या पाण्यातच पुरं करणाऱ्या छोट्या जातींना मात्र धरणाचा अडथळा तितका नडत नाही.

पाणलोट
@द्राक्षपट्टा, धुवणाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण तुमचं उदाहरण सर्वत्र आढळणाऱ्या जातीचं आहे. घाटियाना ही प्रजातीच (genus, म्हणजे जवळच्या जातींचा गट) २०१४ साली वर्णिली गेली, आणि तिचे खेकडे घाटातल्या कपारी, झाडांच्या ढोली धरून राहतात. २००९ च्या जागतिक आढाव्यात गोड्या पाण्यातल्या १२८० खेकडा जातींपैकी ६२८ 'माहिती अपुरी' म्हणून नोंदल्या गेल्या. बांधावरचा खेकडा भरपूर दिसतो म्हणून कपारीतलाही ठीक असेल, हा हिशेब चुकीचा.

द्राक्षपट्टा
मग आधी मोजा! आणि नुसती बिळं मोजू नका. रिकामी बिळं, उंदरांची बिळं, सगळी त्यात धरली जातात. तोंडाशी ताज्या चिखलाच्या गोळ्या असतील तेच बीळ धरायचं. ओहोळाचे दहा-दहा मीटरचे तुकडे पाडा, रात्री बॅटरीने पाहा, कवचाची रुंदी मोजा, उलटलेला दगड होता तसाच ठेवा. ऑगस्टमध्ये एकदा आणि मेमध्ये एकदा. नुसत्या पावसाळी मोजणीत सगळीकडे खेकडेच खेकडे दिसतात.

कातळवेडा
अंजनेरीसारख्या पठारांवरची पावसाळी डबकी कुणाच्याच यादीत नाहीत का? फेअरी श्रिंपची (कोळंबीसारखा चिमुकला जीव) अंडी उन्हाळाभर सुक्या गाळात तग धरतात, पाणी भरलं की फुटतात. अशा डबक्याला "बारमाही करू" म्हणून खोल केलंत तर मासे टिकतात आणि श्रिंप फस्त होतात. तिथे सुकणं हाच बचाव आहे. गाळ 'स्वच्छ' करणंही नको, पुढच्या वर्षाचं बियाणं त्यातच असतं.

पाणलोट
@कातळवेडा, हे माझ्याच बाजूचं झालं. @द्राक्षपट्टा, मोजणी मान्य. पण ती होईपर्यंत वरच्या ओहोळांत पोकलेन नको. जिथे काम टळणारच नाही तिथे एक काठ अखंड ठेवा, दुसऱ्याला उतार द्या, मोठे दगड परत तळात टाका आणि उपसलेली माती काठापासून लांब न्या.

द्राक्षपट्टा
उताराला जागा लागते, ती शेतकऱ्याच्या बांधातून जाणार. त्या पट्टीचा मोबदला कोण देणार, ते आधी सांगा.