यंत्रमागाच्या शेडमध्ये पट्टे पडतात, चेहरे हिरवे दिसतात: लूक कसा बांधावा?

पूर्वभाग_फ्रेम
अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका यंत्रमाग शेडमध्ये लघुपट शूट करायचाय, मे महिन्यात. कॅमेरा सोनी एफएक्स ३०, एस-लॉग ३ (रंग नंतर चढवता यावेत म्हणून चित्र फिकं रेकॉर्ड होणारा मोड), सेकंदाला २४ फ्रेम्स, शटर १/६० सेकंद. दिग्दर्शकाला तापलेलं, धुळकट वातावरण हवंय, पण कामगारांचे चेहरे मेलेले नकोत. टेस्टमध्ये चित्रावर आडवे पट्टे सरकतात, चेहरे हिरवट येतात, खिडक्या पांढऱ्याफटक होतात आणि चादरीची नक्षी लुकलुकते. हे लट (चित्राचे रंग ठरावीक पद्धतीने बदलणारी फाइल, LUT) लावून सुटेल का? हाताशी २०० वॉटचे दोन एलईडी, थर्मोकोल आणि काळं कापड आहे. धुराचं मशीन भाड्याने घ्यावं का?

लाइटमन_सोलापूर
आधी धुराचं: आणू नका. शेडमध्ये कापसाचा बारीक तंतू सगळीकडे साचलेला असतो, तो चटकन पेट घेतो, आणि धुराच्या मशीनचा आतला भाग चांगलाच तापतो. जुने हॅलोजनचे दिवेही त्याच कारणाने बाहेर ठेवा, एलईडीच वापरा. माग चालू असले की हवेत तंतू उडतच असतो. मागून ऊन किंवा दिवा आला की किरणं आपोआप दिसतात, समोरून लावलात तर काहीच दिसणार नाही.

पट्ट्यांचं कारण तुमचं १/६० शटर आहे. हा आकडा अमेरिकेतल्या ६० हर्ट्झ विजेसाठीचा, तिकडच्या व्हिडिओंमधून इकडे आलेला. आपली वीज ५० हर्ट्झ, म्हणजे चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते. शटर १/५० ठेवा, प्रत्येक फ्रेममध्ये उजेडाचे पूर्ण दोन ठोके बसतील. कॅमेरा शटर कोनात दाखवत असेल तर २४ फ्रेम्सना १७२.८ अंश. एक तपासणी जरूर करा: मोठ्या शेडमध्ये ट्यूबच्या रांगा वेगवेगळ्या फेजवर असू शकतात, त्यामुळे एका कोपऱ्यात पट्टे दिसले नाहीत म्हणून दुसऱ्या कोपऱ्याची खात्री धरू नका.

पण खरा प्रश्न शटरचा नाही. खिडकीतलं ऊन, ट्यूब आणि तुमचे एलईडी असे तीन रंगांचे उजेड एकाच चेहऱ्यावर पडताहेत. हिरवटपणा ट्यूबचा आहे. त्यातला एकच उजेड मालक ठरवा. माझं मत: खिडकीला मालक करा, फ्रेमवर पडणाऱ्या ट्यूब बंद करा, व्हाइट बॅलन्स ५६०० केल्विनवर (दिवसाच्या उजेडाचा आकडा) कायम ठेवा, ऑटो नको. एलईडी थेट चेहऱ्यावर न मारता खिडकीच्या बाजूनेच थर्मोकोलवर आपटवा, आणि दुसऱ्या गालाच्या बाजूला काळं कापड धरा. चेहऱ्याला घडण येते ती या काळ्या कापडाने. पार्श्वभूमीला ट्यूब दिसायलाच हव्या असतील तर दोनतीन चालू ठेवा, तो हिरवट उजेड लांबच्या भिंतीवर छान दिसतो.

आणखी एक: एलईडी मागांच्या लाइनवर जोडू नका. माग सुरू होताना व्होल्टेज दबतं. ऑफिसच्या लाइनवरून वेगळी वायर ओढा.

सावलीचा_हिशेब
मे महिन्याचं ऊन नीट समजून वेळापत्रक लावा. दुसऱ्या आठवड्याच्या आसपास सोलापुरात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. म्हणजे साधारण अकरा ते दोन खिडकीतून थेट ऊन फारसं आत येत नाही, फक्त आकाशाचा आणि अंगणातून उसळलेला मऊ उजेड येतो, आणि तो फारसा हलत नाही. लांबलचक संवाद तेव्हाच उरका. बाहेर मात्र त्या वेळी चेहऱ्याचे शॉट लावू नका, डोळ्यांच्या जागी खड्डे दिसतात. किरणांचे शॉट सकाळी नऊच्या आत आणि साडेचारनंतर. उत्तरेच्या खिडकीत ऊन येत नाही हा समज मे महिन्यात फसवतो, कारण सूर्य पूर्वेपेक्षा बराच उत्तरेला सरकून उगवतो. छतात पारदर्शक पत्रे असतील तर दुपारी तिथून ऊन उतरतं, ते आधी जाऊन बघा.

खिडकीच्या काचेवर ०.६ चा एनडी जेल (रंग न बदलता उजेड कमी करणारा करडा पातळ कागद) ताणून चिकटवा, दोन स्टॉप उतरतात, म्हणजे उजेड दोनदा निम्मा होतो. सैल राहिला तर वाऱ्याने फडफडतो आणि चमकतो. पैसे नसतील तर बाहेरून काळी जाळी, फक्त ती फोकसच्या बाहेर राहिली पाहिजे.

बाहेरच्या शॉटला आयएसओ ८००, शटर १/५०, एफ २.८ हवं असेल तर भर उन्हात साधारण ९ स्टॉप, म्हणजे लेन्सवर २.७ चा एनडी फिल्टर लागतो. या कॅमेऱ्यात आत एनडी नाही. आयआर (डोळ्यांना न दिसणारा अवरक्त उजेड) कापणारा घ्या, नाहीतर काळे कपडे तपकिरी येतील. फिरवायचा स्वस्त एनडी शेवटाला नेला की आकाशात फुली उमटते.

रंगखोली
लटने हिरवा चेहरा सुटत नाही. हिरवा काढला की त्याच फ्रेममधल्या उन्हातल्या भिंती जांभळ्या होतात. लट शूटच्या आधी, टेस्ट फुटेजवर बनवा आणि मॉनिटरवर लावून शूट करा. तापलेलं दाखवायला सगळ्या चित्रावर पिवळा थर देऊ नका, सगळं एकाच मातीचं होतं. हायलाइट थोडे उबदार, काळे भाग किंचित उजळ केलेले, आणि फ्रेममध्ये कुठेतरी पांढरं सूत पांढरंच राहू द्या. त्याच्या शेजारीच ऊन पिवळं वाटतं.

सोलापुरी चादरीच्या लाल रंगाला जपा. लाल चॅनल एकटाच फुटतो (मर्यादेबाहेर जाऊन तपशील हरवतो) आणि एकूण उजेड दाखवणाऱ्या वेव्हफॉर्म आलेखावर कळत नाही, लाल-हिरवा-निळा वेगवेगळा दाखवणारी आरजीबी परेड बघा. एलईडीचा सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ असला तरी आर-९, म्हणजे गडद लालचा आकडा, वेगळा विचारा. तो कमी असेल तर लाल विटकरी दिसतो. चादर चेहऱ्याजवळ असेल तर गालावर लाली उसळते, कधी हवीही असते.

नक्षीची लुकलुक मॉयरेची, म्हणजे कापडाची बारीक वीण आणि सेन्सरची जाळी एकमेकांवर पडून उमटणाऱ्या खोट्या रेघांची. कॅमेरा थोडा तिरका करा, अंतर किंवा लेन्स बदला, कापड किंचित फोकसबाहेर जाऊ द्या. छोट्या मॉनिटरवर खोटा मॉयरेही दिसतो, म्हणून १०० टक्के मोठं करून तपासा.

पूर्वभाग_फ्रेम
फार उपयोग झाला. धोट्याचा (मागात आडवं सूत इकडून तिकडे नेणारा भाग) स्लो मोशन १०० फ्रेम्सना घेता येईल का?

लाइटमन_सोलापूर
ट्यूब चालू ठेवून नाही. १०० फ्रेम्सना १/२०० शटर म्हणजे अर्धाच ठोका पकडला जातो, पट्टे येणारच. ट्यूब बंद करून खिडकी आणि एलईडीवर घ्या, आणि एलईडी ज्या डिमरवर ठेवणार त्याच डिमरवर आधी टेस्ट करा. ट्यूब लागणारच असतील तर ५० फ्रेम्स, १/१००. लेन्स आत बदलू नका. काचेवरचा तंतू ब्लोअरने उडवा, कापडाने पुसलात तर घासेल.

धोट्याच्या पेटीच्या रेषेत कॅमेरा किंवा माणूस उभा करू नका. धोटा कधी कधी सुटून बाहेर येतो. बाजूने, लांब लेन्सने घ्या, आणि मागवाल्या दादांना विचारूनच ट्रायपॉडची जागा ठरवा.