पणजोबांच्या बंद पडलेल्या बँकेतून आलेला ‘डिव्हिडंड’ म्हणजे नेमकं काय?

तांबट_लेनची_लेक

नमस्कार. भांडी बाजाराजवळचं आमचं जुनं घर रिकामं करतोय. माळ्यावर पितळेचा डबा सापडला, त्यात पणजोबांचं पासबुक आणि टाइप केलेली तीन इंग्रजी पत्रं होती. बँकेचं नाव इथे लिहीत नाही, तिच्या माणसांची घराणी असतील कुठेतरी.

पासबुकातली शेवटची नोंद मार्च 1932 ची आहे, शिल्लक 640 रुपये. खाली जांभळा रबरी शिक्का, त्यावर ‘क्लेम ॲडमिटेड’. पत्रं ऑफिशियल लिक्विडेटरची आहेत, 1933, 1936 आणि 1941 सालची. पहिल्यात फर्स्ट डिव्हिडंड रुपयाला चार आणे, दुसऱ्यात दोन आणे, तिसऱ्यात दीड आणा ‘अँड फायनल’.

हे विचारतेय त्याला कारण आहे. आमच्या चुलत घराण्यात तीन पिढ्या एकच बोललं जातं, की दादा, म्हणजे आमचे पणजोबा, त्या बँकेत भागीदार होते, बँक बुडाली तरी त्यांनी त्यातून नफा काढला. चुलत भावाने पत्रावर ‘डिव्हिडंड’ वाचलं आणि म्हणाला, बघ, लाभांशच आहे. माझी आत्या 84 वर्षांची आहे. ती सांगते की पणजीच्या पाटल्या सराफ बाजारात मोडून ते पैसे बँकेत ठेवले होते, आणि पुढच्या चार महिन्यांत बँकेला कुलूप लागलं. खरं काय समजायचं?

अवसायन_निवृत्त

ताई, हा नफा नाही. मी 14 वर्षं एका बुडालेल्या सहकारी बँकेच्या अवसायकाच्या, म्हणजे लिक्विडेटरच्या, ऑफिसात वसुलीला होतो, म्हणून खात्रीने सांगतो.

बँक बसली की कोर्ट लिक्विडेटर नेमतं. तो आधी तिजोरी आणि वह्या ताब्यात घेतो. मग ठेवीदारांकडून पुराव्यासह दावे मागवतो, एकेक तपासून मान्य करतो. तुमच्या पासबुकावरचा शिक्का त्याचाच. त्यानंतर खरं काम, म्हणजे कर्जदारांकडून वसुली, तारण विकणं, इमारत असेल तर तीही विकणं. बऱ्यापैकी रक्कम जमली की खर्च आणि तारणवाल्यांचे पैसे वजा करून उरलेलं सगळ्या ठेवीदारांना एकाच प्रमाणात वाटायचं. त्या वाटपाच्या हप्त्याला कंपनी कायद्याच्या भाषेत डिव्हिडंड म्हणतात. शब्द तोच, पण शेअरवरच्या लाभांशाशी त्याचा काही संबंध नाही.

आता हिशोब करा. 640 वर रुपयाला चार आणे म्हणजे 160. दोन आण्याचे 80. दीड आण्याचे 60. एकूण 300. तुमच्या पणजोबांना स्वतःच्याच 640 मधले 300 रुपये नऊ वर्षांत मिळाले, आणि 340 गेले. त्यावर व्याजाचा पैसाही नाही.

भागीदारीचा संशय असेल तर पत्रात एक शब्द शोधा. ‘क्रेडिटर’ लिहिलं असेल तर ते ठेवीदार. भागधारकाला ‘कॉन्ट्रिब्युटरी’ म्हणत. त्या काळी शेअरची पूर्ण रक्कम एकदम भरून घेत नसत. बँक बुडाली की उरलेली रक्कम भरा अशी लिक्विडेटरची नोटीस भागधारकाच्या घरी यायची. म्हणजे पणजोबा भागीदार असते तर त्यांना पैसे आले नसते, उलट भरावे लागले असते. ठेवीदारांचं पूर्ण देणं फिटल्याशिवाय भागधारकाला दमडी मिळत नाही. ठेवीदारांचंच साडेसात आण्यांवर संपलं, तिथे भागधारकाला काय मिळणार?

आत्याबाईंची आठवण काळाशी जुळते. सप्टेंबर 1931 मध्ये इंग्लंडने सुवर्णमान, म्हणजे पौंडाची सोन्यात ठरलेली किंमत, सोडला, रुपया पौंडाला बांधलेला होता, त्यामुळे इथे सोन्याचा भाव चढला. मंदीत हातात रोकड नव्हती. गावोगावच्या बायकांचे दागिने त्या सुमारास मोडले गेले आणि ते सोनं मुंबईहून बोटींनी इंग्लंडला गेलं.

आणि ज्या बँकेत पैसे ठेवले तिच्यावर देखरेख तरी कुणाची? रिझर्व्ह बँक सुरू झाली 1 एप्रिल 1935 ला. 1932 मध्ये बँकेसाठी वेगळा कायदाही नव्हता, 1913 च्या साध्या कंपनी कायद्याखाली नोंदणी व्हायची. बँकांची काही कलमं त्यात 1936 च्या दुरुस्तीने आली, स्वतंत्र कायदा थेट 1949 ला.

लासलगावकर

दुसऱ्या बाजूचं सांगतो. आमचे पणजोबा धान्याची अडत करायचे. गोदामातल्या मालावर त्यांनी अशाच एका छोट्या बँकेकडून उचल घेतली होती. तुमचीच बँक का, ते माहीत नाही. मंदीत धान्याचे भाव निम्म्यावर आले. जो हप्ता दहा पोती विकून फिटायचा त्याला वीस पोती लागायला लागली. शेतकरी अडत्याचं देईना, अडत्या बँकेचं देईना. लिक्विडेटरने दावा लावला, घराचा पुढचा भाग लिलावात गेला. आजी सांगायची, दवंडीवाला ओट्यावर उभा राहिला तेव्हा घरात चूल पेटली नव्हती.

हे वाचताना पहिल्यांदा डोक्यात आलं की तो ओटा विकून आलेले पैसे कुणा ठेवीदाराच्या दोन आण्यांत गेले असतील. आमच्याकडे आजवर फक्त लिक्विडेटरला शिव्या ऐकल्या.

गंगापूर_रोड

काका, माझे पैसे सध्या निर्बंध लागलेल्या एका सहकारी बँकेत आहेत. आमचंही असंच आण्या-आण्याने येणार का? अमेरिकेत म्हणे मंदीतच ठेवींचा विमा आला.

अवसायन_निवृत्त

तिकडे 1930 ते 1933 मध्ये नऊ हजारांच्या आसपास बँका बंद पडल्या. 6 मार्च 1933 ला अध्यक्ष रूझवेल्टने देशातल्या सगळ्या बँका काही दिवस बंद ठेवल्या. ठेव विमा 1 जानेवारी 1934 पासून, सुरुवातीला 2,500 डॉलरपर्यंत. त्याआधी तिथेही रिसीव्हर असेच हप्ते वाटायचा आणि त्यालाही डिव्हिडंडच म्हणायचे.

आपल्याकडे 1960 ला पलाई सेंट्रल बँक बुडाली, मग 1 जानेवारी 1962 पासून विमा आला, मर्यादा 1,500 रुपये. आता फेब्रुवारी 2020 पासून व्याजासकट पाच लाख. 2021 च्या दुरुस्तीप्रमाणे निर्बंध लागल्यावर साधारण 90 दिवसांत ही रक्कम मिळायला हवी. फॉर्म आणि केवायसी वेळेत द्या, आमच्याकडे निम्मे लोक तिथेच अडकायचे. पाच लाखांवरची ठेव असेल तर मात्र वसुलीची वाट बघावी लागते, आणि वसुलीतून आधी ठेव विमा महामंडळाचे पैसे परत जातात. माझ्या टेबलासमोर दर सोमवारी एक निवृत्त शिक्षिका यायच्या, पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून. त्यांच्या हयातीत त्यांचा नंबर लागला नाही. ते मला अजून लागतं.

तांबट_लेनची_लेक

पत्रं भिंग घेऊन पाहिली. तिन्हीत ‘क्रेडिटर’ आहे. आत्याला फोनवर वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, 340 हा आकडा वहीत लिहून ठेव. पणजीच्या हातात शेवटपर्यंत काचेच्याच बांगड्या होत्या, हेही तिनेच सांगितलं. चुलत भावाला तिन्ही पत्रांचे फोटो पाठवलेत.

काका, कागद घडीवर तुटायला लागलेत. लॅमिनेट करून घेऊ का?

अवसायन_निवृत्त

लॅमिनेट अजिबात नको, ते पुन्हा सुटत नाही. घड्या उघडून सपाट ठेवा, मध्ये साधा पांढरा कागद घाला, आणि त्या पितळी डब्यात परत नको.