'येथे कालवा करू नये' लिहिलं तर चालेल का?

धरणगावकर:
मंडळी, एक अडलंय. जळगावात आमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये फलक लावायचाय. रात्री बारा वाजले की पोरं मोटारसायकली आडव्या लावतात आणि कुणाचा तरी वाढदिवस सुरू होतो. केक तोंडात कमी, बाकड्यांवर जास्त. सकाळी फिरायला येणारे आजोबा नेमके त्यावर बसतात. समितीने इंग्रजी मसुदा दिला, त्यात 'न्यूसन्स' आणि 'डिसऑर्डरली कंडक्ट' हे दोन शब्द. मी केलं, 'येथे उपद्रव व गैरशिस्त वर्तन करू नये'. मावशींनी वाचलं आणि म्हणाल्या, "उपद्रव? इथे रानडुकरं येतात का रे?" त्यांची केळी तापीकाठाला. त्यांच्या लेखी उपद्रव म्हणजे रात्रीतून खोडं उलथून टाकणारी डुकरं, बाकी काही नाही. म्हणाल्या, सरळ 'कालवा करू नये' असं लिही. लिहू का?

पाटाचं पाणी:
नका लिहू, भाऊ. गिरणा धरणाच्या लाभक्षेत्रात 'येथे कालवा करू नये' असा फलक लागला तर शेतकरी मोर्चा आणतील.

निवृत्त मास्तर:
विनोद पुरे. दोन्ही शब्द वेगळे. गोंगाट या अर्थाचा कालवा 'कलकल'च्या घरातला, पाण्याचा निराळा. शिवाय आपल्याकडे पाण्याच्या कालव्याला कोण कालवा म्हणतं? पाटच म्हणतात. कालवा फक्त पाटबंधारे खात्याच्या कागदावर. 'उपद्रव' मात्र चोख शब्द आहे. उप अधिक द्रु, म्हणजे धावणे. अंगावर धावून येतं ते. मावशींची डुकरं आणि तुमची पोरं, दोघांनाही लागू.
आणि 'ओपन स्पेस' काय? मोकळी जागा म्हणा.

धरणगावकर:
मास्तर, मोकळी जागा म्हटलं की लोक विचारतात, केवढ्याला विकायचीय?

खापरावरची:
कालवा हा गोंगाटाचा शब्द खानदेशचा नाहीच मुळी, देशावरचा. माझं माहेर शिरपूरकडचं. घरात कायम 'कल्ला' ऐकला. आजी वट्ट्यावरून ओरडायची, "काय कल्ला करी राह्यना रे?" कालवा मला पुण्याला गेल्यावर कळला.

पाटाचं पाणी:
ताई, चाळीसगावात या. आमच्याकडे दोन्ही चालतात. कल्ला पोरांचा, कालवा बायांचा. (मारू नका.)
आणि मास्तर, कालवा 'कालवणे'वरून का नसेल? सगळे आवाज एकात कालवले की कालवा.

निवृत्त मास्तर:
ही स्वयंपाकघरातली व्युत्पत्ती झाली.

काळा कोट:
कायद्याचं मराठी 'सार्वजनिक उपद्रव' असंच आहे, तेव्हा धरणगावकर चुकलेले नाहीत. जुन्या दंड संहितेचं कलम २६८, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं २७०. दंड २०० रुपयांपर्यंत होता, तो आता कलम २९२ खाली १,००० पर्यंत गेलाय. हिंदीवाल्यांनी डोकं न शिणवता 'लोक न्यूसेंस' करून टाकलं. नागपूर महापालिकेचं तर 'उपद्रव शोध पथक' आहे. मात्र 'सार्वजनिक' हा शब्द गाळू नका. एकट्या शेजाऱ्याला झालेला जाच यात बसत नाही. त्रास आजूबाजूच्या सगळ्यांना व्हावा लागतो.
आता गंमत ऐका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ११५. तिथे रस्त्यावर 'न्यूसन्स करणे' म्हणजे चक्क उघड्यावर उरकणे! सात वर्षांखालच्या पोराला आवरलं नाही तर सांभाळणारा दोषी. तुमच्या वाढदिवसवाल्यांना लागेल ते ११० किंवा ११२, असभ्य वर्तन आणि शांतताभंगाच्या इराद्याने शिवीगाळ वगैरे. शिक्षा ११७ मध्ये. ठाण्यात कुणी 'डिसऑर्डरली' म्हणत नाही, '११०-११७ केली' म्हणतात. फलकावर तेवढंच लिहा, पोरांना बरोबर कळतं.

भुसावळी:
कोटसाहेबांनी जुनी आठवण काढली. रेल्वे क्वार्टरच्या भिंतीवर 'कमिट नो न्यूसन्स' असं रंगवलेलं होतं. चौथीत असताना वडिलांना अर्थ विचारला. म्हणाले, "इथे मुतू नये." पुढे कॉलेजात सर एका मुलाला "यू आर अ न्यूसन्स" म्हणाले, तेव्हा मी वर्गात एकटाच हसलो. बाहेर काढला मला.

निवृत्त मास्तर:
'गैरशिस्त'बद्दल कुणीच बोललं नाही. गैर अरबी, शिस्त फारसी. शिस्त म्हणजे मुळात बंदुकीचा नेम. तीन शब्दांच्या फलकावर परकी कडबोळं कशाला? 'असभ्य वर्तन' लिहा.

काळा कोट:
मास्तर, माझा धंदाच बसेल. वकील, कायदा, जामीन, फिर्याद, सगळे तिकडचेच. 'शिक्षा' तेवढी तुमची संस्कृत, आणि तिचा मूळ अर्थ शिकवणं!

निवृत्त मास्तर:
चाळीस वर्षं मी दोन्ही अर्थांनी दिली.

खापरावरची:
शब्द कोणताही लिहा, ठरवणार कोण? श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. ती अख्खी रात्र गल्ली गाते, नैवेद्याचे रोट होतात, सोमवारी विसर्जन. गेल्या वर्षी समोर नव्याने राहायला आलेल्यांनी पोलिसांना फोन केला. हवालदार आले, चपला काढून पाया पडले, प्रसाद घेऊन गेले. हा उपद्रव का?

काळा कोट:
ताई, २००० सालच्या ध्वनी नियमांत रात्र दहा ते सहा, वस्तीत मर्यादा ४५ डेसिबल. भोंगा नसेल तर मी तरी तक्रार घेणार नाही.

खापरावरची:
भोंगा नव्हता. आत्याबाई होत्या.

धरणगावकर:
पेंटर उद्या येतोय, अक्षरावर पैसे घेतो. 'सार्वजनिक उपद्रव' फार महाग पडतंय. 'कल्ला' अडीच अक्षरांत बसतो, पण समितीचे अध्यक्ष म्हणतात गावंढळ दिसतं. 'धिंगाणा' कसा वाटतो?

पाटाचं पाणी:
धिंगाण्यात मजा आहे, पोरं फोटो काढतील खाली उभी राहून.
बरं, पाटाचा विषय निघालाच आहे तर, गिरणेच्या पाण्याचं आवर्तन कधी सुटतंय कुणाला माहीत आहे का? हरभरा सुकतोय.