'आटे गेले' म्हणजे नेमकं काय गेलं?

प्रश्न : जुना पलंग सोडवून पुन्हा जोडताना सोलापुरात हमखास ऐकू येतं, 'स्क्रूचे आटे गेलेत.' पण नवा स्क्रू आणला तरी तोही त्याच भोकात गरगर फिरतो. मग आटे गेले कुणाचे? मळसूत्र, पेच, आटे हे एकच का?

उत्तर १ : आटे म्हणजे स्क्रूच्या अंगावरची पिळाची धार. लाकडी सामानात ती क्वचित झिजते, झिजतं ते लाकूड. स्क्रू आत शिरताना लाकडात स्वतःच्या जोडीचे आटे कापत जातो. तीन-चारदा काढघाल झाली की तेवढ्या लाकडाचा भुगा होतो. याला 'भोक ढिलं झालं' म्हणावं. 'स्क्रूचे आटे गेले' म्हटलं की माणूस फक्त नवा स्क्रू घेऊन येतो आणि पलंग डुगडुगतच राहतो.

ढिल्या भोकात फेविकॉल सोडून बांबूची तासलेली काडी घट्ट ठोकावी. २४ तास वाळू द्यावं, वर आलेलं टोक कापावं आणि मग नवं भोक पाडावं. ८ नंबरच्या स्क्रूला सागवानात ३ मिलिमीटर, मऊ लाकडात अडीच. ८ ऐवजी १० नंबर, म्हणजे जाड स्क्रू, घालणं हा झटपट उपाय, पण बिजागरीला नको. मोठा माथा तिच्या खळग्यात बसत नाही, दार पुरतं मिटत नाही.

उत्तर २ : मळसूत्र हा ग्रंथातला शब्द, स्क्रूलाही आणि त्याच्या पिळालाही. पेच फारसीतून आला. अर्थ पीळ, वळण. डावपेचातला आणि 'पेचात सापडणे' यातला पेच हाच. पेचकसमधला 'कस' मुळात 'कश', ओढणारा. कानडीत स्क्रूला तिरुपु म्हणतात, त्यातही पिळण्याचाच अर्थ. कानातल्याची फिरकीसुद्धा आट्यांवरच चालते.

प्रश्न : आणि 'स्क्रू स्लिप झाला'?

उत्तर १ : तो दोष माथ्याचा. खाच गोल होते, पेचकस पकड घेत नाही. जुन्या चपट्या खाचेत बहुतेकदा पॉलिश भरलेलं असतं. ते टोच्यानं आधी खरवडून काढा. पेचकसाचं पातं खाचेच्या पूर्ण रुंदीचं हवं, अरुंद पातं कडा खातं. खाच पार गेली असेल आणि माथा थोडा वर असेल, तर हॅकसॉ ब्लेडनं नवी खाच पाडता येते.

उत्तर ३ : बदली स्क्रू म्हणून काळे घेऊ नका. ते जिप्सम बोर्डासाठी असतात, कडक पण ठिसूळ. पलंगाच्या जोडाला हिसके बसले की त्यांची मान तुटते आणि उरलेलं धड लाकडातच अडकतं. पितळी स्क्रू मऊ असतो, म्हणून आधी त्याच मापाचा लोखंडी घालून वाट करावी, मग पितळी. आट्यांना मेण चोळावं. साबण ओल धरतो, लोखंड गंजतं.

आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं, जोड सैल वाटतात. तेव्हा स्क्रू आवळावा, पण माथा टेकला की थांबावं. पुढचा प्रत्येक फेरा भोकातले आटे कापतो.