दहा मीटर एअर पिस्तूल: स्वस्तातलं नवं घ्यावं की महागातलं जुनं?

सातारकर_बाप

मंडळी, नमस्कार. मुलगी नववीत आहे. दीड वर्षापासून दहा मीटर एअर पिस्तूल खेळते. क्लबच्या एका पिस्तुलावर चार पोरं आहेत, त्यामुळे हिचा नंबर येईपर्यंत दिवेलागण होते. सरावात साठ शॉटना सहाशेपैकी ५३० च्या आसपास जाते. सर म्हणतात, आता स्वतःचं हवं.

खिशात पन्नास हजार आहेत, ताणले तर ऐंशी होतील. दुकानात चाळिशीच्या आतलं एक नवं पीसीपी (सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारं) दाखवलं, वर एक वर्षाची वॉरंटी. ओळखीत एकाकडे परदेशी बनावटीचं मॅच पिस्तूल (खास स्पर्धेसाठी बनवलेलं) आहे, जुनं, पंचाहत्तर सांगतोय. नवं परदेशी दोन लाखांच्या पुढे, म्हणजे तो विषयच संपला.

माझा प्रश्न गुणांचा नाही, भरवशाचा आहे. जिल्ह्याच्या स्पर्धेत गेल्या वर्षी एका पोराचं पिस्तूल मधेच बंद पडलं. पोरगा खाली मान घालून बसला होता, ते डोळ्यांपुढून जात नाही. स्वस्तातलं जास्त दगा देतं का? की दुकानदार म्हणतो तसं 'मशीन शेवटी मशीन असतं'?

कोल्हापुरी_नेम

भावा, पंचाहत्तरवालं घे. विषय कट. आमच्याकडं पॅरिस ऑलिम्पिकनंतर स्वप्नील कुसाळेच्या कांबळवाडीचं नाव घेऊन गल्लीगल्लीत पोरं नेमबाजीला लागल्यात आणि निम्म्या बापांनी आधी स्वस्तातलं घेतलं. वर्षाच्या आत तेच विकायला काढलंय, गिऱ्हाईक मिळंना.

अर्धवट_निवृत्त

कोल्हापूरकरांचं उत्तर बरोबर आहे, पण कारण सांगितल्याशिवाय पंचाहत्तर हजार खर्च करायला लावू नये. जरा लांबण लावतो.

आधी गुणांचा हिशोब, कारण भरवशाचा धागा तिथूनच सुटतो. दहाचं वर्तुळ ११.५ मिमी व्यासाचं. पेलेट, म्हणजे छर्रा, ४.५ मिमीचं, आणि कडेला शिवलं तरी दहा मिळतात. म्हणजे पेलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिमीच्या आत पडला की दहा. पुढचा प्रत्येक गुण आणखी ८ मिमीवर जातो. मुलगी ५३० मारते म्हणजे तिचा शॉट सरासरी चौदाएक मिलिमीटर बाजूला पडतो. हा तिच्या हाताचा आणि ट्रिगरचा झोल. पिस्तूल शिकंज्यात धरून मारलं आणि ते स्वतः ३ मिमी इकडेतिकडे टाकत असेल, तर तिचे साठ शॉटमध्ये दोनेक गुण जातील. हाताची आणि पिस्तुलाची, दोन्ही चुका सरळ बेरजेत धरायच्या नसतात, वर्ग मिळवून वर्गमूळ काढायचं. पिस्तूलच ८ मिमी टाकत असेल तर मात्र पंधरा-सोळा गुण गेले, आणि पोरीला वाटणार आपलाच हात हलला. माझ्या मते बंद पडणाऱ्या पिस्तुलापेक्षा हे वाईट. बंद पडलेलं निदान कळतं तरी.

म्हणून विकत घेण्याआधी शिकंज्यात बांधून दहा-दहा शॉट मारून बघा. चांगल्या मॅच पिस्तुलाबरोबर कारखान्यातून टेस्टचं कार्ड येतं. त्यावर पाच पेलेटचं मिळून जवळजवळ एकच भोक असतं. जुन्या मालकानं ते कार्ड जपून ठेवलं असेल तर माणूस टापटीप आहे, एवढं तरी कळतं.

आता दोन लाख कशाला जातात ते. ट्रिगरला: पहिला टप्पा किती, दुसरा किती, पाटी पुढेमागे, तिरकी, सगळं वेगवेगळं जुळवता येतं आणि जुळवलेलं तिथंच राहतं. अक्रोडाच्या मुठीला. नेम धरायच्या मागच्या साइटच्या खाचेला. आणि रेग्युलेटरला, म्हणजे सिलिंडरमधला २०० बारचा दाब उतरवून दर शॉटला तेवढीच हवा सोडणाऱ्या भागाला. स्वस्तातल्यात काटकसर होते ती बहुतेक वेळा ट्रिगर आणि रेग्युलेटर या दोन ठिकाणी. नळीत नाही. नळी बऱ्यापैकीच असते.

बंद पडण्याचं म्हणाल तर मी पंचवीस वर्षांत जे पाहिलं त्यातलं बरंचसं चार रुपयांच्या रबराच्या रिंगेनं केलेलं आहे. ती स्वस्तातही असते, महागातही. फरक इतकाच की महागातल्याची रिंग कुठल्या मापाची ते पुस्तिकेत छापलेलं असतं, आणि पुण्या-मुंबईत ती बदलून देणारा माणूस सापडतो.

मृणाल_ना

काकांनी ट्रिगरचं लिहिलं म्हणून माझी गोष्ट सांगते. कंपनीचं नाव घेत नाही.

माझं पहिलं पिस्तूल स्वस्तातलंच, नवंकोरं होतं. नियमाप्रमाणे ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा लागतो. घरी मोजला तेव्हा ५२० होता. राज्य स्पर्धेला गेले. तपासणीच्या टेबलावर ते पितळी वजन ठेवलेलं असतं, त्याच्या आकड्यात ट्रिगर अडकवायचा आणि नळी आकाशाकडे करून पिस्तूल सरळ वर उचलायचं. वजन टेबलावरून उठलं पाहिजे. माझं बोटभरही उठलं नाही, आधीच टक्. दुसऱ्यांदा टक्. तिसऱ्यांदा मीच घाबरून हिसका दिला, तर काय होणार? बाहेर जिन्यात बसून ॲलन कीनं स्क्रू आवळला. लक्षात आलं की तो रोज थोडाथोडा सैल होत होता. रंगाचा ठिपका नाही, लॉकिंग नाही, काही नाही. परत रांगेत उभी राहिले, पास झाले, पण तोवर हाताला जी थरथर सुटली ती सायटर, म्हणजे मोजणीआधीचे सरावाचे शॉट, संपेपर्यंत गेली नाही.

तेव्हा बंद न पडताही पिस्तूल दगा देतं. नंतर जुनं मॅच पिस्तूल घेतलं, त्याचा ट्रिगर सहा वर्षांत एकदा जुळवलाय. महिन्यातून एकदा मोजायची सवय मात्र आता अंगवळणी पडली आहे, ती राहू दे.

रत्नांग्री

हातपंपाबद्दल कोणी बोललंच नाही! दादा, स्वस्तातल्या पिस्तुलाबरोबर दुकानदार हातपंप गळ्यात मारतो, त्यापासून जपा. आमच्याकडे जुलैत हवा म्हणजे ओला पंचाच. दमट हवा २०० बारपर्यंत दाबली की तिच्यातलं पाणी सुटणारच, ते जाणार कुठे? मी दोन पावसाळे पंपानं भरलं. मग शॉट खाली पडायला लागले, कधी बरे, कधी एकदम सातला. सिलिंडर काढून तोंडाशी टिश्यू धरून उरलेली हवा हळू सोडली तर टिश्यूवर तांबूस ओलावा. रेग्युलेटरच्या आत गंज धरला होता. पिस्तूल चांगलं नावाजलेलं होतं हो, दोष माझाच.

आता डायव्हिंगवाल्यांकडून मोठी टाकी भरून आणतो, त्यांच्या कॉम्प्रेसरला सुकवणारा फिल्टर असतो. साताऱ्यात क्लबची टाकी असेल तर पंप घेऊच नका, ते पैसे पेलेटला ठेवा.

सातारकर_बाप

सगळ्यांचे आभार. मृणालताई, तुमचा जिना वाचून आमच्या घरात शांतता पसरली.

दोन शंका. जुन्यात एक इलेक्ट्रॉनिक ट्रिगरवालंही कोणीतरी दाखवलंय, ते घ्यावं का? आणि तिसरं एक सीओटूवर, म्हणजे कार्बन डायऑक्साइड गॅसवर, चालणारं फक्त तीस हजारात आहे, नामवंत जर्मन बनावटीचं.

विदर्भ_एक्सप्रेस

सीओटूला हात लावू नका, मी नागपुरातून बोलतोय. वीस अंशांना त्या गॅसचा दाब ५७ बारच्या आसपास असतो, आणि उकाडा वाढला की तोही चढतो. एकतीस अंशांच्या वर तर तो द्रव राहतच नाही. इथे मे महिन्यात पत्र्याच्या रेंजवर सकाळी नेमाला जुळवलेली साइट दुपारी वेगळंच बोलते. पिस्तुलं एक नंबर आहेत ती, नव्वदीपर्यंत जगभर त्यांच्यावरही पदकं गेली. पण ती खेळायला थंड एसी हॉल पाहिजे. शोकेसमध्ये ठेवायची असतील तर तीस हजार वाजवी आहेत.

अर्धवट_निवृत्त

इलेक्ट्रॉनिक ट्रिगर हाताला लोण्यासारखा लागतो, नाकारत नाही. पण टोकियो ऑलिम्पिक आठवा. २५ जुलै २०२१, मनू भाकर, पहिल्या दहा शॉटच्या सिरीजला ९८. दुसऱ्या सिरीजमध्ये पिस्तूल बिघडलं. कॉकिंगचा दांडा आणि ट्रिगरचं सर्किट, असं तेव्हा छापून आलं. दुरुस्तीत पंधरा-वीस मिनिटं गेली, ती परत मिळाली नाहीत, आणि ७५ मिनिटांतले उरलेले शॉट घाईत उरकावे लागले. ५७५ गुण, बारावा क्रमांक, अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. जगातल्या सर्वांत चांगल्या पिस्तुलांपैकी एक, शेजारी प्रशिक्षक, सुटे भाग हाताशी, तरीही. तीच मुलगी पॅरिसला २८ जुलै २०२४ ला २२१.७ मारून कांस्य घेऊन आली, ते वेगळं.

हे सांगतोय ते इलेक्ट्रॉनिक वाईट म्हणून नव्हे. साताऱ्यात रविवारी सकाळी सर्किट गेलं तर तुम्ही काय करणार, एवढंच विचारा. यांत्रिक ट्रिगर सर ॲलन कीनं जागेवर जुळवतील. पोरगी शिकतेय तोवर यांत्रिकच घ्या.

आणि हो, सर्वांत महत्त्वाचं राहिलंच. त्या पंचाहत्तरवाल्याच्या सिलिंडरवरची तारीख पाहिलीत का? सिलिंडरचं आयुष्य साधारण दहा वर्षं धरतात, तारीख त्यावर कोरलेली असते. मुदत संपलेलं सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, जबाबदारी खेळाडूची. आणि २०० बारची बाटली मुलीच्या हातापुढेच असते, तेव्हा नियम बाजूला ठेवले तरी तिथं काटकसर नको. नवं सिलिंडर आणायला बरेच पैसे आणि बरेच महिने जातात.

कोल्हापुरी_नेम

काका, एक सांगायचं राहिलं का? हवा भरायला नको, बॅटरी नको, अशी रशियन पिस्तुलं असत्यात की. इझ ४६. नळीखालचा दांडा एकदा ओढायचा, एक शॉट मारायचा. आमच्या क्लबात एक आहे, माझ्या वयाचं असंल. कधी कुणी सर्व्हिसिंग केलेलं ऐकलं नाही.

अर्धवट_निवृत्त

वा, त्याची आठवण काढलीत! इझ ४६ एम म्हणजे स्वस्त आणि भरवशाचं एकत्र नांदू शकतं याचा पुरावाच. त्यात बिघडायला काही ठेवलेलंच नाही. पण साठ शॉट आणि सायटर धरून दांडा ओढायचा म्हणजे नववीतल्या मुलीच्या खांद्याला ताप. घरच्या सरावाला मिळालं तर सोडू नका.

सातारकर_बाप

सिलिंडर पाहून आलो. तारीख २०१३ ची! म्हणजे मुदत कधीच संपली. मालक म्हणतो, 'अहो काही होत नाही, मी तसंच वापरतो.' पाचशेचं वजन लावून बघितलं, तिन्ही वेळा उचललं. शिकंज्यात सरांनी दहा शॉट मारले, दहाही पाच रुपयांच्या नाण्याखाली झाकले गेले.

एक अडचण मात्र आहे. मूठ उजव्या हाताची आहे आणि मुलगी डावखुरी.

मृणाल_ना

अहो, हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं नाही का!

अर्धवट_निवृत्त

आता बोला! बहुतेक मॅच पिस्तुलांना डावी मूठ वेगळी मिळते, मनगटाच्या मापानुसार लहान-मध्यम-मोठी. मागवावी लागेल, वेळ लागेल. तोवर उजव्या मुठीवर डाव्या हातानं खेळू देऊ नका, मनगट वाकडं बसायची सवय लागली तर मोडायला वर्ष जातं. आणि पाच रुपयांचं नाणं म्हणजे साधारण २३ मिमी, त्याखाली काय, मांजरही झाकलं जाईल. नीट पट्टीनं मोजा. सगळ्यात लांबच्या दोन भोकांचं मध्य ते मध्य अंतर किती ते कळवा. पेलेट कुठलं वापरलं तेही. डब्यात तळाशी चेपलेल्या स्कर्टचे (मागच्या पातळ कडेचे) दाणे असतील तर तो झोल पिस्तुलाच्या नावावर जातो. मॅच पेलेटचे ४.४९ आणि ४.५० असे दोन डबे आणून दोन्ही मारून बघा, एकाच नळीला एक जास्त मानवतं.

सातारकर_बाप

पट्टीनं मोजलं: ९ मिमी. सरांनी क्लबच्या उघड्या डब्यातले दाणे वापरले होते. मॅच पेलेटचा नवा ४.५० चा डबा फोडून आज परत मारले, साडेपाच आले. ४.४९ चा डबा मिळाला नाही.

मालकाला सिलिंडर आणि मूठ दाखवून बसलो, चहा झाला, दुसरा झाला. पंचावन्नला तुटलं. नवं सिलिंडर आणि डावी मूठ एका डीलरकडे नोंदवली आहे, पिस्तूल धरून सगळं मिळून ऐंशीच्या वर जातंय, वरचे आईकडून घेतले. जुनं सिलिंडर मी मालकाकडेच ठेवून आलो. कागदांचं विचारून घेतलं: ४.५ मिमी आणि २० ज्यूलच्या आतलं असल्यामुळे शस्त्र परवाना लागत नाही, पण विक्रीचं पत्र आणि आधारची प्रत पेटीतच ठेवणार.

मूठ यायला दोन-तीन महिने म्हणाले. तोवर ती क्लबचंच वापरेल. पिस्तूल आलंय, पण पेटी उघडून रोज नुसतं बघते, आणि आजीनं त्यावर हळदकुंकू लावलंय. ते ट्रिगरमध्ये तर गेलं नसेल ना?

रत्नांग्री

गेलंच असणार. मऊ ब्रशनं झाडा, तेल अजिबात घालू नका.