शब्दचर्चा : 'लहानपण दे गा देवा' – लहानपण, रवा, लव्हाळे आणि कळ (कोल्हापूरकरांच्या गप्पा; बोलणाऱ्याच्या नावाच्या जागी त्याचा भाग)

शिवाजी पेठ :
आमच्या दहावीच्या बॅचचा स्नेहमेळावा आहे. पत्रिकेचा नमुना ग्रुपवर आला. वर ठळक अक्षरात 'लहानपण देगा देवा', खाली दोन वेण्यांची मुलगी आणि पतंग उडवणारा मुलगा. मी लिहिलं, अहो, या ओळीत शाळा नाही, चिंचा-बोरं नाहीत. तुकोबा बालपण मागत नाहीत, लहान होणं मागताहेत. त्यावर एकाने अंगठा दाखवला आणि दुसऱ्याने लिहिलं, "चालतंय की." आता 'चालतंय की' हेच कोल्हापूरचं सगळ्यात जुनं तत्त्वज्ञान, त्यापुढे काय बोलणार? पण माझी ही फार आवडती ओळ, म्हणून इथे मांडते.

लहानपण दे गा देवा । मुंगी साखरेचा रवा ॥
ऐरावत रत्न थोर । त्यासी अंकुशाचा मार ॥

ऐरावताला अंकुश बसतो तो वय झालं म्हणून नव्हे, आकाराने आणि मानाने मोठा म्हणून. एवढी एक ओळ पुढे वाचली तरी 'लहानपण'चा अर्थ लागतो. शेवटी तर 'व्हावे लहानाहून लहान' म्हटलंय. बालपणच धरायचं तर दहावीच्या बॅचने काय बालवाडीत जाऊन बसायचं?

मला ही ओळ आवडते ती तिच्यातल्या मिश्कीलपणामुळे. नम्रतेचा उपदेश म्हणून आपण ती भिंतीवर लावतो, पण सांगणाऱ्याने आधी हिशेब घातलाय : मुंगीला साखर, हत्तीला मार, आता बोला. ऑफिसात प्रमोशन झालं आणि शनिवारसुद्धा गेला, तेव्हा मला तो हिशेब नीट कळला. तुमची अशी एखादी ओळ असेल, आधी हसवणारी आणि मग धरून ठेवणारी, तर सांगा.

कसबा बावडा :
ताई, आधी 'देगा' तोडून लिहायला सांगा. 'दे' वेगळा, 'गा' वेगळा. हा 'गा' म्हणजे पुरुषाला मारलेली हाक, 'रे'सारखी, पण थोडी अदबीची. ज्ञानेश्वरीत तो पावलोपावली भेटतो, विदर्भात अजून "काय गा, कुठं चालला?" असं सहज म्हणतात. आपल्याकडे तो बोलण्यातून गेला आणि ओळीत चिकटून राहिला. माझा भाचा इंग्रजी माध्यमात आहे. त्याने विचारलं, "मामा, देव देगा म्हणजे देणार का?" पोराची काय चूक? जोडून लिहिलं की हिंदीच दिसतं ते.

मार्केट यार्ड :
'रव्या'चं आमच्याकडून ऐका. आम्ही गुळातली माणसं. आमच्यात रवा म्हणजे ढेप. एक किलोचा रवा, पाचाचा, दहाचा, तीसचा. शाळेत गुरुजींनी हा अभंग शिकवला तेव्हा मला खरंच वाटायचं, मुंगी केवढी नशीबवान, अख्खा रवाच दिला की तिला! शिऱ्याचा रवा घ्या नाहीतर गुळाचा, अभंगात तो नाही. तिथे रवा म्हणजे कण. सोन्याचा रवा म्हणतात तसा.

राजारामपुरी :
जे गाव गाडीच्या मागच्या काचेवर 'जगात भारी' लिहून फिरतं, त्याने देवाकडे लहानपण मागायचं म्हणजे देव पण बुचकळ्यात पडणार. आमच्या गल्लीत एका टेंपोवर 'बघतोस काय रागानं, ओव्हरटेक केलंय वाघानं' लिहिलंय आणि आत ड्रायव्हरसमोर तुकोबांचा फोटो. दोन्ही खरं आहे म्हणा.

माझी ओळ दासबोधातली, 'टवाळां आवडे विनोद'. वडील मला गप्प करायला वापरायचे. मोठा झाल्यावर 'काव्यशास्त्रविनोदेन कालो गच्छति धीमताम्' हे सुभाषित हाती लागलं. म्हणजे विनोदात टवाळांचाही वेळ जातो आणि शहाण्यांचाही! मूळ संस्कृतात विनोद म्हणजे घालवणं, दूर सारणं. त्यावरून मन रमवणं, करमणूक. हसवणं हा अर्थ नंतर पक्का झाला. तेव्हा समर्थांनी नुसत्या हसण्यावर काठी उगारलीय असं मला वाटत नाही. वडिलांना हे ऐकवलं तर म्हणाले, "बघा, टवाळच बोलला."

प्रयाग चिखली :
ताई, तो लव्हाळा राहिला बघा. 'महापुरे झाडे जाती, तेथे लव्हाळे वाचती.' आम्ही नदीकाठची माणसं, आम्हांला ही ओळ शिकवायला लागत नाही.

२०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४३ फूट. आम्ही जनावरं घेऊन आधीच बाहेर पडलेलो. पाणी उतरल्यावर रानात गेलो तर बांधावरची बाभळ मुळासकट आडवी. उसाच्या शेंड्यात गाळ बसून सगळा पिवळा पडलेला, कुजका वास नाकातनं जाईना. आणि त्या गाळातनं हिरवंगार वर आलेलं काय, तर लव्हाळा. वडील बघत उभं राहिलं आणि हसलंच. म्हणालं, "घ्या, तुकाराम महाराजांचा पाहुणा आला."

हसायचं कारण असं की आमच्या रानातला तो सगळ्यात मोठा वैरी. त्याचा दांडा दोन बोटांत फिरवून बघा, तीन कडा लागत्यात. गवताचा दांडा गोल असतोय, म्हणून हे गवतच नव्हं, मोथ्याच्या कुळातलं हाय. उपटायला गेलं की वरचं हातात येतंय. खाली दोऱ्यासारख्या मुळ्यांना काळ्या गाठी असत्यात, त्या तुटून तिथंच राहत्यात. एकेका गाठीतनं नवा कोंब. बायका भांगलण करून दमत्यात, पाऊस पडला की परत तेवढाच.

म्हणून 'वाकला म्हणून वाचला' हा पुस्तकातला अर्थ मला अर्धाच वाटतोय. वर वाकतोय ते खरं, पण खाली जागा सोडत नाही. नुसतं वाकून पुरात कोण वाचलंय?

शिवाजी पेठ :
दादा, हे कुठल्याच टीपेत मिळालं नसतं.

थोडी भर घालते. ही लव्हाळ्याची ओळ 'लहानपण'च्या जोडीने म्हणायची पद्धत आहे, पण गाथेत ती दुसऱ्या अभंगात येते, तिथे 'वाचती'च्या जागी 'राहाती' आहे :

नीचपण बरवे देवा । न चले कोणाचाही दावा ॥
महापुरे झाडे जाती । तेथे लव्हाळे राहाती ॥

तुमचं म्हणणं 'राहाती'शी जास्त जुळतं. वाचणं वेगळं, जागेवर राहणं वेगळं. आणि 'नीचपण' वाचून दचकू नका. नीच म्हणजे खालचा, सखल. पंचांगात ग्रह उच्चीचा आणि नीचीचा म्हणतात तोच. शिवी म्हणूनच शब्द ठाऊक असल्यावर हा अभंग पत्रिकेवर कोण छापणार? 'लहानपण' गोड, म्हणून ते चाललं.

कसबा बावडा :
'दावा' माझ्या पोटापाण्याचा शब्द, म्हणून बोलतो. हा अरबीतून आलेला, हक्क सांगणं, फिर्याद. मराठीत वैर असाही अर्थ झाला, 'दावा साधला' म्हणतो तो. इथे दोन्ही बसतात. तुकोबांच्या घरी महाजनकी होती, दुकान होतं, देणंघेणं होतं. दुष्काळात सगळं बुडालं, आणि लोकांकडून येणं असलेली कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत सोडली अशी परंपरा सांगते. खतच नाही तर दावा कशाच्या जोरावर चालणार? 'न चले कोणाचाही दावा' हे अशा माणसाने म्हणणं आणि मी म्हणणं यात फरक आहे. २०२५ च्या ऑगस्टात कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. सगळ्यांनी नीचपण घेतलं तर आम्ही काय खायचं?

गंगावेस :
वकीलसाहेब, काळजी सोडा. कोल्हापुरात कोण माघार घेतंय?

ताई, त्याच अभंगाचा शेवट सांगा की. 'तुका म्हणे कळ, पाय धरिल्या न चले बळ.' आमच्या तालमीत हे एकदा कीर्तनात ऐकलं आणि पोरं खाली बघून हसायला लागली. बुवांना कळंना काय झालं. आमच्यात पाय धरणं म्हणजे पट काढणं. एकेरी पट, दुहेरी पट. समोरचा केवढा का धिप्पाड असंना, पाय हातात आला की छातीचं बळ कुठं चालतंय? बुवा म्हणत होते शरण जा, आणि पोरं समजली उचलून टाका.

शिवाजी पेठ :
वा! अर्थ शरण जाण्याचाच आहे, मान्य. पण 'कळ' हा शब्द तुमच्या बाजूने उभा आहे. इथे कळ म्हणजे दुखणं नाही की भांडणाची कळ काढणं नाही. कळ म्हणजे युक्ती, मर्म, जिथे बोट ठेवलं की सगळं हलतं ती जागा. दिव्याची कळ म्हणतो ती. म्हणजे लोटांगण सांगताना तुकोबा त्याला डाव म्हणताहेत. देवाच्या पायाला हात घातला की देवाचंसुद्धा काही चालत नाही.

गंगावेस :
म्हणजे पटच की ओ!

मार्केट यार्ड :
भावा, वस्तादांना विचार. पट पडला तर सोडवायचा कसा, ते तुकोबांनी कुठं सांगितलंय का?

गंगावेस :
विचारतो, पण आत्ता नको. कुस्तीच्या हौद्यातल्या मातीत ताक आणि तेल घालाल्यात. आता मधी गेलो तर खोरं माझ्याच हातात येतंय.