सल्ला हवा: बॅचतर्फे दापोली कृषी विद्यापीठाला देणगी, कशी आणि कोणत्या रूपात द्यावी?

काजूबोंड
नमस्कार मंडळी. दापोलीच्या कृषी महाविद्यालयातल्या आमच्या बॅचला पुढच्या वर्षी पंचवीस वर्षं होतायत. सगळे मिळून सात लाखांच्या आसपास जमतील. मतं चार पडली आहेत: प्रवेशद्वाराला कमान, कीटकशास्त्राच्या प्रयोगशाळेला सूक्ष्मदर्शक, गरजू मुलांना शिष्यवृत्ती, आणि एक मित्र वेंगुर्ल्याजवळची वीस गुंठे कलमांची बाग द्यायला तयार आहे. काही जण दुबई-मस्कतला असतात, दोघांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलंय. आयकरासाठी पावती बहुतेकांना हवी. तूर्त एकाच्या बचत खात्यात पैसे गोळा करू म्हणतोय. कुठे अडेल ते सांगा.

खाडीकाठ
कमानीत पैशे घालू नकात. पयल्या दोन पावसात रंग जाता, मगे रंगाचे पैशे कोण देतलो?

जमाखर्च
आधी ते बचत खातं थांबवा. एकाच्या खात्यातून रक्कम गेली की पावती त्या एकाच्याच नावे निघते, बाकीच्यांना वजावट मिळत नाही. शिवाय वर्षभर त्याच्या खात्यात लाखो रुपये का आले, याचा खुलासा त्यालाच करावा लागतो. प्रत्येकाने आपल्या खात्यातून थेट संस्थेच्या खात्यात पैसे भरायचे आणि नाव, पॅन, पत्ता व 'अमुक बॅच, अमुक कारणासाठी' असा मेल त्याच दिवशी पाठवायचा. एकत्र हिशेब हवा असेल तर त्यासाठी एक्सेलची यादी पुरे.

संस्था पुढच्या ३१ मेपर्यंत आयकर खात्याकडे १०बीडी हे विवरणपत्र भरते आणि त्यावरून प्रत्येक देणगीदाराला १०बीई प्रमाणपत्र मिळतं. नुसती छापील पावती चालत नाही. पॅनचं एक अक्षर चुकलं तर तुमची वजावट अडकते, म्हणून यादी संस्थेकडे पाठवण्यापूर्वी दोघांनी वाचून बघा. २,००० रुपयांच्या वर रोख दिली तर वजावट शून्य. वस्तू दिली तरी शून्य. वजावट फक्त पैशाला आहे.

आता ८०जी. हे गृहीत धरू नका. सरकारी विद्यापीठाचं स्वतःचं उत्पन्न करमुक्त असलं तरी देणगीदाराला वजावट देणारी ८०जी मान्यता वेगळी असते. कृषी विद्यापीठात नियंत्रक कार्यालयाला विचारा, बाकी विद्यापीठांत वित्त व लेखा अधिकारी. मान्यतेचा आदेश मागून तो कधीपर्यंत लागू आहे ते बघा. माजी विद्यार्थी संघ वेगळी नोंदणीकृत संस्था असेल तर त्याची मान्यता वेगळी, आणि पैसेही आधी संघाकडे जातात, विद्यापीठाकडे नाही. दोन्हींत गल्लत करू नका.

बहुतेक संस्थांना ५० टक्क्यांची वजावट असते, तीही समायोजित एकूण उत्पन्नाच्या १० टक्के मर्यादेत. म्हणजे १०,००० दिले, तर ५,००० उत्पन्नातून वजा. २० टक्के टप्प्यात असाल तर उपकरासह वाचले १,०४०. आणि ज्यांनी नवी करप्रणाली घेतलीय त्यांना हेही नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू, त्यात कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत. जुना आकडा धरून अडून बसू नका. करासाठीच द्यायचं असेल तर हिशेब फार जमत नाही, हे बॅचमध्ये आधीच सांगून टाका.

परदेशी_पेढा
दुबई-मस्कतवाले भारतीय पासपोर्टवर असतील तर त्यांनी स्वतःच्या कमाईतून, बँकेच्या मार्गाने दिलेले पैसे परदेशी अंशदान धरत नाहीत. पासपोर्टची प्रत सोबत द्यावी, संस्थेच्या लेखापरीक्षणात विचारतात.

अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या दोघांचं वेगळं. ओसीआय (परदेशस्थ भारतीय वंशाच्या नागरिकाचं) कार्ड असलं तरी कायद्याच्या नजरेत ते परदेशी, त्यांचा पैसा एफसीआरए या परदेशी अंशदानाच्या कायद्याखाली येतो. संस्थेची एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि प्रत्येक रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खास खात्यातच यावी लागते. काही वैधानिक संस्थांना सूट आहे, म्हणून विद्यापीठाकडून ते लेखी घ्या. या दोघांनी एखाद्या भारतातल्या मित्राला पैसे पाठवायचे आणि त्याने ते पुढे भरायचे, ही वाट बंद समजा. रक्कम लहान असली तरी नियम तोच, आणि अडचणीत संस्था येते. अमेरिकेत कर वाचवायचा असेल तर तिथल्या ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय, संस्थेमार्फत द्यावं लागतं, आणि तो पैसाही इथे एफसीआरएनेच येतो.

हळद_कुंकू
शिष्यवृत्तीला माझं मत. पण सात लाख एका वर्षात वाटून संपवू नका, आणि सगळेच कायम निधीत अडकवूनही ठेवू नका.

पाच लाख मुदत ठेवीत, व्याज ६.५ टक्के धरू: वर्षाला ३२,५००. हे सगळं व्याज वाटलं तर मुद्दल पाच लाखच राहतं. महागाई ५ टक्के धरली तर आजच्या १५,००० च्या शिष्यवृत्तीची किंमत दहा वर्षांनी जेमतेम ९,२०० उरते. म्हणून ४ टक्के, म्हणजे २०,००० वाटायचे, उरलेले १२,५०० मुद्दलात. दहा वर्षांत मुद्दल ६,४०,००० होतं आणि वाटप २५,६००. तेही महागाईच्या मागेच आहे. म्हणून बॅचने दरवर्षी थोडी भर घालावी: दर जुलैला प्रत्येकाच्या खात्यातून हजार रुपयांचा ऑटोडेबिट लावा. एकरकमी निधीपेक्षा मला हा भाग महत्त्वाचा वाटतो, कारण पहिल्या उत्साहात दिलेल्या पैशाला नंतर कोणी विचारत नाही.

पाच लाख 'कॉर्पस'मध्ये, म्हणजे मुद्दल न मोडायच्या कायम निधीत, जावेत हे देणगीपत्रात तसं लिहून द्या. नुसतं 'शिष्यवृत्तीसाठी' लिहिलं तर ते चालू खर्चातही टाकता येतात.

अटी लिहिताना मात्र हात आखडता घ्या. 'मंडणगड तालुक्यातली, शेतकरी कुटुंबातली, मृदाशास्त्रात ७५ टक्के मिळवलेली मुलगी' असं लिहिलं की तिसऱ्या वर्षी पात्र उमेदवारच सापडत नाही आणि व्याज पडून राहतं. क्रम लावा: पहिली पसंती अमुक तालुके, तिथे कोणी नसेल तर कोकणातला कुठलाही तालुका, तेही नसेल तर गुणानुक्रमे गरजू. पैसे कधी द्यायचे हेही लिहा. मार्चला चेक देऊन फोटो काढण्यापेक्षा प्रवेशाच्या वेळी मेस आणि वसतिगृहाची अनामत भरायला दिले तर उपयोग होतो. सरकारी शिष्यवृत्ती महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून खात्यात येईपर्यंतचा काळ गरीब घराला जड जातो. रावेच्या (ग्रामीण कृषी कार्यानुभवाच्या) सत्रात गावात राहण्या-फिरण्याचा खर्च असतो, तोही चांगला विषय आहे. मात्र काही सरकारी योजना दुसरी शिष्यवृत्ती घेऊ देत नाहीत, म्हणून नाव 'साहाय्य' ठेवा आणि नियम आधी तपासा.

नावाची हौस असेल तर शिष्यवृत्तीलाच द्या. महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख १९१२ च्या मॅट्रिकला पहिले आले तेव्हा संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. शंकरशेटांचं नाव आजही शाळांतून घेतलं जातं. कमानीचं असं होत नाही.

ओलावा
सूक्ष्मदर्शकाबद्दल. कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर जातो आणि जून ते सप्टेंबर खोलीत ओल राहतेच. अशा हवेत भिंगांवर बुरशीचे धागे धरतात. एकदा लेपावर रुजली की पुसून जात नाही, भिंग बदलावं लागतं. देताना सोबत हवाबंद कपाट किंवा डीह्युमिडिफायर द्या, आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवायची. कपाटात सिलिका जेल: निळं असतं, गुलाबी झालं की भट्टीत १२० अंशांवर दोन तास वाळवून परत वापरा. जेल आणलं पण वाळवायचं कोणी, हे ठरलेलं नसतं. तंत्रज्ञाच्या कामाच्या यादीत ते लिहून घ्या.

दुसरं, वीज. कातळावर अर्थिंग नीट मिळत नाही. यंत्र बसवायच्या आधी अर्थ टेस्टरने मोजून घ्या, ५ ओहमच्या आत हवं. नसेल तर केमिकल अर्थिंगचा खर्च देणगीतच धरा. यूपीएसच्या बॅटऱ्या साधारण तीन वर्षांत बदलाव्या लागतात, त्याचीही तरतूद हवी. एकंदर यंत्राच्या किमतीच्या किमान १० टक्के दरवर्षी देखभालीला बाजूला काढणार असाल तरच यंत्र द्या. दोन लाखांचं यंत्र म्हणजे वर्षाला वीस हजार, पाच वर्षांचे एक लाख. अर्थसंकल्पात दान आलेल्या यंत्राच्या देखभालीचं शीर्ष अनेकदा नसतंच.

स्वतः विकत घेऊन नेऊ नका. पैसे द्या, खरेदी विद्यापीठाच्या पद्धतीने होऊ द्या, म्हणजे हमी आणि सेवा करार त्यांच्या नावे राहतो. वस्तूच द्यायची असेल तर आधी विभागप्रमुखांची लेखी मागणी घ्या आणि डेडस्टॉकला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, नोंद झाल्याची प्रत मागा. नोंद नसलेलं यंत्र कपाटात जातं आणि तिथेच राहतं.

सातबारा
वीस गुंठ्यांचं. आधी सातबारा बघा. कोकणातल्या बागेवर मित्राचं एकट्याचं नाव असणं म्हणजे नशीबच. काका, चुलते, लग्न होऊन गेलेल्या आत्या, सगळ्यांची नावं असतात. सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्यांशिवाय अख्खी जमीन देता येत नाही. 'इतर हक्क' रकान्यात कूळ आहे का, बँकेचा बोजा आहे का, वाट आहे का, बघा. मग भूमी अभिलेखाची मोजणी. बक्षीसपत्र नोंदणीकृत, दोन साक्षीदारांसह, आणि विद्यापीठाने ते स्वीकारलं पाहिजे, तेही मित्राच्या हयातीत. कृषी विद्यापीठात असा विषय कार्यकारी परिषदेपुढे न्यावा लागेल. राखण, कुंपण, फवारणी कोणी करायची, हा पहिला प्रश्न तिथे येईल, आणि वीस गुंठ्यांसाठी बरेचदा उत्तर 'नको' असतं.

सोपी वाट: बाग आपल्याकडेच ठेवायची, हंगामात कराराने द्यायची आणि दरवर्षीचे कराराचे पैसे साहाय्य निधीत भरायचे. नाहीतर विकून पैसे द्यायचे. ग्रामीण शेतजमीन भांडवली मालमत्तेत मोडत नाही, त्यामुळे विक्रीवर भांडवली लाभाचा कर बसत नाही. घेणारा मात्र महाराष्ट्रात शेतकरी असावा लागतो.

मृत्युपत्रातून द्यायचं असेल तर संस्थेचं पूर्ण वैधानिक नाव लिहा: 'डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, दापोली'. 'आमचं कॉलेज' म्हटलं तर वारस वाद घालतात. दोन साक्षीदार पुरे, नोंदणी सक्तीची नाही, केलेली बरी. ठेवीवर संस्थेला नॉमिनी लावलं की झालं, असं समजू नका. नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालक मृत्युपत्राने ठरतो.

लोटेवाला
लोटे-परशुराम किंवा महाड एमआयडीसीतल्या कंपन्यांत बॅचमेट असतील तर सीएसआर, म्हणजे कंपनीने सामाजिक कामावर करायचा खर्च, विचारा. नक्त मत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा नफा ५ कोटी, यातलं एक असलं की मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावा लागतो. पण तो पैसा 'बॅच'ला मिळत नाही. विद्यापीठाचा प्रकल्प प्रस्ताव लागतो, खर्चाच्या तपशिलासह. मार्चअखेर गडबडीत मागण्यापेक्षा दिवाळीआधी प्रस्ताव द्या.

काजूबोंड
सर्वांचे आभार. म्हणजे पाच लाख कॉर्पस, ४ टक्के वाटप, एक लाख पहिल्या दोन वर्षांच्या साहाय्याला, एक लाख कपाट व डीह्युमिडिफायरसह लहान सूक्ष्मदर्शकाला. देखभालीचे दरवर्षी दहा हजार जुलैच्या ऑटोडेबिटमधून. पत्रात काय काय लिहू?

जमाखर्च
एक पान पुरे. रक्कम आणि तिचे तीन भाग. कॉर्पस, असा स्पष्ट शब्द. वाटपाचा दर आणि उरलेलं व्याज मुद्दलात. पात्रतेचा क्रम. हेतू अशक्य झाला तर जवळच्या कुठल्या कामाला वापरायचं, हे एक वाक्य नक्की घाला, नाहीतर अभ्यासक्रम बंद पडला की निधी गोठतो. दर ३१ जुलैला एक पानाचा हिशेब: मुद्दल, व्याज, किती विद्यार्थी, किती रक्कम. संपर्क व्यक्तीच्या नावे नाही, पदाच्या नावे: अधिष्ठाता आणि नियंत्रक, तुमच्याकडून बॅचचे दोघे. पत्राला विद्यापीठाचं स्वीकृतीपत्र आल्याशिवाय पैसे भरू नका, आणि भरायचे तर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नको. खात्यात एप्रिलला जमा झाले तर प्रमाणपत्र पुढच्या आर्थिक वर्षाचं निघतं.